सुवर्णदुर्गाचा सरखेल

आम्ही काही दहिसरकर हर्णैहून होडीने सुवर्णदुर्गावर उतरलो. आता तिथे वस्ती नाही. पायरीवर कोरलेले कासव, तटावरचा मारुती, आत नुसते रान. कान्होजी आंग्र्यांचे वडील तुकोजी इथेच चाकरीला होते. पोराचे बालपण या लाटांवर गेले. पुढे तो मराठी आरमाराचा सरखेल झाला. किनाऱ्यावरून जहाज न्यायचे तर कान्होजींचे दस्तक हवे, हा दंडक. इंग्रज त्यांना चाचा म्हणत. बँकेत हयात घालवलेल्या मला तर ही सरळ जकात दिसते! १७१८ मध्ये खांदेरीवरून आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत आणूनही कुलाब्यावरून इंग्रज हात हलवत परतले. कान्होजी १७२९ मध्ये गेले आणि मुलांत भाऊबंदकी माजली. १७५५ मध्ये इंग्रजांनी तुळाजी या त्यांच्याच मुलाकडून सुवर्णदुर्ग घेतला, तेव्हा इंग्रजांच्या मदतीला पेशव्यांची फौज होती.