बर्लिनचा बुद्ध : एर्न्स्ट गेनाट

आमच्या फिल्म मंडळाने गेल्या वर्षी फ्रिट्झ लांग यांचा ‘एम’ हा १९३१ सालचा जर्मन बोलपट दाखविला. लहान मुलांचे बळी घेणारा खुनी, भेदरलेले शहर आणि त्याच्या मागावर असलेला लठ्ठ इन्स्पेक्टर लोहमान. घरी परतताना सारे खुन्याविषयीच बोलत होते. मला मात्र त्या लठ्ठ माणसाने पछाडले. तो कोणावरून बेतला असावा, याचा शोध घेताना एर्न्स्ट गेनाट यांची ओळख झाली.

गेनाट यांचा जन्म १८८० चा, बर्लिनजवळच्या प्लोट्झेन्से येथील. तेथील तुरुंगात वडील अधिकारी होते. कायद्याचे शिक्षण अर्धवट सोडून १९०४ साली ते पोलिसांत शिरले आणि मरेपर्यंत तेथेच राहिले. अंगाने अवाढव्य आणि केकचे भारी शौकीन! अलेक्झांडर चौकातील कचेरीत ठाण मांडून बसलेल्या या माणसाला लोक बुद्ध म्हणत, यात नवल नाही.

त्यांच्यापूर्वी खुनाच्या जागी पहिला पोहोचणारा शिपाईच प्रेत झाकून ठेवी, सामान नीट लावी आणि पुरावा नकळत पुसून टाकी. गेनाट यांनी दंडक घातला की, तपास अधिकारी येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. १९२६ मध्ये खुनांच्या तपासाचा कायम स्वरूपाचा विभाग त्यांच्या हाती आला. टंकलेखनयंत्र, कॅमेरा, दिवे अशा सरंजामाची एक खास मोटार त्यांनी बनवून घेतली. संशयिताला मारहाण करण्यास त्यांची सक्त मनाई होती. समोरच्याला बोलू द्यावे, आपण ऐकावे, ही त्यांची रीत. १९३१ मध्ये बर्लिनमधील ११४ प्रकरणांपैकी १०८ प्रकरणांचा छडा लागला.

परंतु मला अधिक मोलाचे वाटते ते ड्युसेलडॉर्फचे प्रकरण, जेथे ही सारी पद्धत अपुरी पडली. फेब्रुवारी १९२९ मध्ये तेथे आठ वर्षांच्या मुलीचा खून झाला. दोन स्त्रियांवरील हल्ल्यांबद्दल पकडलेल्या एका मंदबुद्धी तरुणाने विचारतील तो गुन्हा कबूल केला. त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली आणि शहराने सुटकेचा निःश्वास टाकला. ऑगस्टमध्ये जत्रेहून परतणाऱ्या दोन मुली मारल्या गेल्या. एक चौदा वर्षांची, दुसरी अवघी पाच. नोव्हेंबरमध्ये आणखी एक पाच वर्षांची मुलगी गेली. माझी धाकटी बहीण तेवढीच आहे. हा भाग वाचताना मी पुस्तक दोनदा मिटले. कबुली मिळाली म्हणून सत्य मिळाले असे मानणाऱ्यांनी या मुलींचे किती महिने गमावले!

त्या सुमारास गेनाट बर्लिनहून मदतीला आले. खुनी वर्तमानपत्राला प्रेताची जागा दाखविणारा नकाशा पाठवीत होता. संशयितांची असंख्य नावे जमली, कसून तपास झाला. पण हाती काही लागेना.

अखेर मे १९३० मध्ये छडा लागला तो एका चुकलेल्या पत्राने. एका मोलकरणीवर जंगलात अत्याचार करून एका इसमाने तिला जिवंत सोडले होते. ही हकीकत तिने मैत्रिणीला लिहिली, पत्ता चुकला, पत्र भलत्याच हाती पडले व तेथून पोलिसांकडे गेले. तिने घर दाखविले. तो पेटर क्युर्टेन. आपण सापडणार हे ओळखून त्याने बायकोपाशी सारे कबूल केले व बक्षीस तिला मिळावे म्हणून तिलाच पोलिसांकडे जाण्यास सांगितले. नऊ खुनांबद्दल २ जुलै १९३१ रोजी कोलोन येथे त्याचा शिरच्छेद झाला.

गेनाट यांनी त्या प्रकरणावर १९३० मध्येच विस्ताराने लिहिले. एकामागून एक खून करणाऱ्याला आज जो जर्मन शब्द सर्रास वापरतात, तो त्यांनी तेव्हाच वापरला. नाझी राजवट आली तरी ते पक्षाचे सभासद झाले नाहीत. ऑगस्ट १९३९ मध्ये, महायुद्ध पेटण्यास थोडेच दिवस उरले असताना, ते वारले. अंत्ययात्रेत सुमारे दोन हजार पोलीस पायी चालले होते.