दही लावणारा जिवाणू आणि जोसेफ लिस्टर

जोसेफ लिस्टर हे नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना माहीत असते ते शस्त्रक्रियेसाठी. जखमेत जंतू शिरू नयेत म्हणून कार्बॉलिक ॲसिड वापरणारे सर्जन, एवढी ओळख परीक्षेला पुरते. पण एखादा जिवाणू इतर सगळ्यांपासून वेगळा काढून एकटा वाढवण्याचा पहिला मानही त्यांनाच दिला जातो. तो जिवाणू कुठल्या भयंकर रोगाचा नव्हता. तो दूध आंबवणारा होता आणि आपल्या घरच्या विरजणातही सापडतो.

लिस्टर यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी लंडनजवळच्या अप्टन गावी क्वेकर पंथाच्या घरात झाला. वडील वाइनचे व्यापारी, पण नाद भिंगांचा. त्या काळच्या सूक्ष्मदर्शकात वस्तूच्या कडेला रंगीत झालर दिसे आणि चित्र धूसर होई. हा दोष दूर करण्यात या व्यापाऱ्याचा मोठा वाटा होता, आणि त्याबद्दल रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले. मुलगा सूक्ष्मदर्शकाशी खेळतच मोठा झाला असे म्हणायला हरकत नाही.

लंडनला वैद्यकीय शिक्षण घेऊन लिस्टर १८५३ मध्ये एडिंबरोला जेम्स साइम या नामांकित सर्जनकडे गेले. १८५६ मध्ये साइम यांची मुलगी ॲग्नेस हिच्याशी त्यांचे लग्न झाले आणि त्यापायी क्वेकर पंथ सुटला. पुढची अनेक वर्षे प्रयोगांच्या वह्या मोठ्या प्रमाणात ॲग्नेसच्याच अक्षरात लिहिल्या गेल्या. लिस्टर यांच्याविषयीच्या धड्यांत हे सहसा येत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

१८६० मध्ये ते ग्लासगोला प्राध्यापक झाले. तिथल्या रुग्णालयात शस्त्रक्रिया चांगली व्हायची, पण मागाहून जखम चिघळून माणूस जायचा. १८६५ मध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस अँडरसन यांनी पाश्चर यांच्या लेखनाकडे त्यांचे लक्ष वेधले. किण्वन, म्हणजे पदार्थ आंबणे, हे जिवंत सूक्ष्मजीवांचे काम असते असे पाश्चर सांगत होते. लिस्टर यांनी ताडले की जखम सडते तीही अशीच. त्या वर्षी १२ ऑगस्टला गाडीचे चाक पायावरून गेलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या उघड्या अस्थिभंगावर त्यांनी कार्बॉलिक ॲसिडची पट्टी बांधली. पाय वाचला. अवयव कापावा लागलेल्या रुग्णांत या पद्धतीच्या आधी ३५ पैकी १६ दगावले होते. पद्धत सुरू झाल्यावर पुढच्या तीन वर्षांत ४० पैकी ६.

आकडे बोलके होते, तरी विरोध संपला नाही. जंतू हे सडण्याचे कारण की सडल्यावर आलेले पाहुणे, असा प्रश्न विचारला जाई. शिवाय वेगवेगळ्या जातींचे जंतू असतात की एकच जंतू जागेप्रमाणे रूप बदलतो, याबद्दलही एकमत नव्हते. खुद्द लिस्टर यांनी १८७३ च्या निबंधात जिवाणू रूप बदलतात असाच कौल दिला होता. त्याच निबंधात त्यांनी दुधातल्या जिवाणूला ‘बॅक्टेरियम लॅक्टिस’ हे नाव दिले. पुढे हा गोंधळ त्यांनी स्वतःच निस्तरला, तोही रुग्णांवर नव्हे तर दुधावर.

दूध नासणे आणि दुधाला दही लागणे यांतला फरक आपल्याकडे कुणालाही सांगावा लागत नाही. लिस्टर यांच्या लक्षात आले की उकळून, झाकून ठेवलेले दूध तसेच राहते. डेअरीतले दूध हमखास आंबट होऊन घट्ट बसते. पण इतरत्र उघडे ठेवलेले दूध अनेकदा भलत्याच रीतीने बिघडते. आंबवणारा जंतू सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, हा त्याचा अर्थ.

मग त्यांनी आंबलेल्या दुधाच्या अगदी बारीक थेंबातले जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. एका थेंबात सरासरी एखादाच जिवाणू यावा, यासाठी किती पाणी घालावे लागेल याचा हिशेब केला. उत्तर आले सुमारे दहा लाख पट. उकळलेल्या पाण्यात तेवढे पातळ करून, बारीक थेंब मोजून सोडणाऱ्या पिचकारीने त्यांनी एकेक थेंब उकळलेल्या दुधाच्या एकेका पेल्यात टाकला.

काही पेल्यांत दूध आंबून घट्ट झाले. बाकीच्यांत काहीच झाले नाही.

यातली गोम अशी. पातेलेभर पाण्यात साखर विरघळवली, तर प्रत्येक वाटीत थोडी गोडी येतेच. पण त्याच पाण्यात मोहरीचे चार दाणे टाकले, तर दहापैकी काही वाट्यांतच दाणा येईल. आंबवणारी वस्तू विरघळणारे रसायन असती, तर सगळेच पेले कमीअधिक आंबले असते. तसे झाले नाही, म्हणजे ती वस्तू कणरूप होती. आंबलेल्या पेल्यांत फक्त बॅक्टेरियम लॅक्टिस दिसला, न आंबलेल्यांत तो नव्हता. एक ठरावीक बदल, त्यामागे एक ठरावीक जीव. माझ्या मते कार्बॉलिकच्या पट्टीपेक्षा हा प्रयोग विचाराने वरचढ आहे. कार्बॉलिक पुढे मागे पडले, त्याचा हवेतला फवारा तर लिस्टर यांनी स्वतःच सोडून दिला; पण विशिष्ट रोगाला विशिष्ट जंतू हे सूत्र आमच्या प्रत्येक तपासणीच्या मुळाशी आहे.

१ ऑक्टोबर १८७७ रोजी लंडनच्या किंग्ज कॉलेजात नव्या प्राध्यापकाचे पहिले व्याख्यान झाले, ते याच विषयावर. शस्त्रक्रियेच्या कथा ऐकायला आलेली मुले दुधाच्या पेल्यांना कंटाळली आणि बराच गोंगाट झाला. चारच वर्षांनी, १८८१ मध्ये, रॉबर्ट कॉख यांनी घट्ट माध्यमावर जिवाणू वेगळे वाढवण्याची सोपी रीत दाखवली, तीही लिस्टर यांच्याच प्रयोगशाळेत. त्यानंतर थेंब मोजण्याची रीत मागे पडली.

लिस्टर यांच्या जिवाणूचे नाव मात्र बदलत गेले. तो आधी स्ट्रेप्टोकॉकस लॅक्टिस झाला, १९८५ पासून लॅक्टोकॉकस लॅक्टिस. २००१ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी चीजच्या विरजणातून आलेल्या त्याच्या एका वाणाचा संपूर्ण जीनोम वाचला. अक्षरे सुमारे २३ लाख ६५ हजार. प्राणवायूशिवाय जगणारा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जीवात श्वसनाची जनुके निघाली. हीम हा रक्तातला घटक बाहेरून मिळाला तर तो खरोखर श्वसन करतो. जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंचे सहा अवशेषही त्या जीनोममध्ये दडलेले होते. चीजच्या कारखान्यात अख्खी टाकी वाया घालवणारे विषाणू याच जातकुळीतले. २००६ मध्ये अशा नऊ जिवाणूंचे जीनोम शेजारी ठेवून पाहिल्यावर कळले की आयते अन्न मिळू लागल्यावर या मंडळींनी कितीतरी जनुके टाकून दिली आहेत.

डॉक्टर म्हणून मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. दुधातली साखर आणि प्रथिने वापरण्याची या जिवाणूची प्रमुख जनुके बहुधा मुख्य गुणसूत्रावर नसतात. ती प्लास्मिड नावाच्या सुट्या कड्यांवर असतात. या कड्या हरवू शकतात, तशाच एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊही शकतात. प्रतिजैविकांना दाद न देण्याची जनुकेही याच वाटेने फिरतात. म्हणून युरोपची अन्नसुरक्षा संस्था अन्नात मुद्दाम घालायच्या जिवाणूचा संपूर्ण जीनोम मागते. लॅक्टोकॉकस एवढे नाव पुरत नाही, नेमका कोणता वाण ते लागते. आमच्या ओपीडीत प्रतिजैविक लिहून दिले की रुग्ण विचारतात, दही खाऊ का? पचत असेल तर खुशाल खा. पण महागडी प्रोबायोटिक पुडी घेणार असाल, तर जिवाणूच्या नावापुढे वाणाची अक्षरे आणि आकडे छापलेत का ते पाहा. नसतील तर आपण काय गिळतो आहोत हे कळायला मार्ग नाही.

१८९३ मध्ये इटलीत ॲग्नेस वारल्या. त्यानंतर लिस्टर यांचे संशोधन जवळपास थांबले. सन्मान येत राहिले. १८९७ मध्ये ते लॉर्ड झाले. १० फेब्रुवारी १९१२ रोजी केंट परगण्यातल्या वॉल्मर इथे त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीत नव्हे, तर त्यांच्या इच्छेप्रमाणे लंडनमध्ये ॲग्नेसच्या शेजारी त्यांना पुरण्यात आले.

पुढे त्यांच्या नावावरून एका जिवाणूचे नाव ठेवले गेले, पण ते दह्याच्या जिवाणूला मिळाले नाही. लिस्टेरिया हा कच्च्या दुधातून आणि त्याच्या चीजमधून येणारा, गर्भवतीचे मूल हिरावून नेऊ शकणारा जंतू. त्याचाही जीनोम २००१ मध्येच वाचला गेला. आणि लॅक्टोकॉकस लॅक्टिसचे काही वाण निसिन नावाचे एक प्रथिन तयार करतात, जे लिस्टेरियाला मारते. डबाबंद चीजच्या वेष्टनावर ई २३४ असा आकडा दिसला, तर ते निसिन.