चित्रांचे व्याकरण मांडणारा शास्त्रज्ञ

भारतीय संगणकशास्त्राची पायाभरणी करणाऱ्यांत रंगस्वामी नरसिंहन यांचे नाव अग्रभागी आहे. १९२६ मध्ये जन्मलेले नरसिंहन अमेरिकेत गणितात डॉक्टरेट मिळवून १९५४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांनी घडविलेला संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले.

त्यानंतर इलिनॉय विद्यापीठात त्यांच्यापुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. कणभौतिकीच्या प्रयोगांतील असंख्य छायाचित्रे यंत्राने कशी वाचावीत? प्रतिमेवर एखाद्या वर्गाचा शिक्का मारला की काम झाले, असे तेव्हा अनेकांना वाटे. नरसिंहन यांना ते अपुरे वाटले. आधी ठिपक्यांमधून रेषा, टोके आणि फाटे हुडकायचे, मग त्यांचे परस्परसंबंध चिन्हांच्या व्याकरणात मांडायचे, ही दुपदरी रीत त्यांनी १९६४ च्या सुमारास पुढे आणली. ओळखणे म्हणजे नुसते नाव देणे नव्हे, तर वर्णन करता येणे, ही त्यामागची भूमिका होती.

पुढे ते मुलांच्या भाषेच्या अभ्यासाकडे वळले. मूल नियम पाठ करून नव्हे, तर व्यवहारातून भाषा शिकते, असे त्यांनी आग्रहाने मांडले. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले.

उदाहरणांतून शिकणारी न्यूरल नेटवर्क आणि नियमांवर चालणारा तर्क यांची सांगड घालण्यासाठी आज जगभर संशोधक झटत आहेत. या वाटेवरचे एक जुने पाऊल मुंबईच्या या शास्त्रज्ञाचे आहे.