तुकोबारायांच्या घरचा दुष्काळ

कोल्हारच्या मंडळींना ताहराबाद काही लांब नाही. शेजारच्या राहुरी तालुक्यातलंच गाव. तिथल्या महीपतीबुवांनी 1774 साली ‘भक्तलीलामृत’ ग्रंथात तुकोबारायांचे चरित्र विस्ताराने गायिले. त्यातला दुष्काळाचा प्रसंग ऐकताना भाविकाच्या मनात शंका येतेच : देव जर माउली, तर लेकरं उपाशी का मरतात? म्हणून आज आम्ही तेवढाच भाग घेतो.

तुकोबाराय देहूचे, घरात व्यापार, सावकारी आणि विठ्ठलाची पूजा. आईबाप गेले, थोरले बंधू सावजी विरक्त होऊन निघून गेले, आणि कोवळ्या वयात प्रपंच अंगावर पडला. अशात 1630 च्या सुमारास पावसाने दगा दिला. त्यातच मोगल व निजामशाही यांची लढाई चाललेली. मग गरिबाला धान्य कुठलं मिळायचं? तुकोबांचे दिवाळे निघाले, पत गेली. थोरल्या पत्नी रखमाई भुकेने गेल्या, मुलगाही गेला.

तुकोबांनी देव सोडला का? नाही. पण ते मुकाट्यानेही बसले नाहीत. देवाशी भांडले, त्याला निष्ठुर म्हणाले. मग पडलेले विठ्ठलमंदिर त्यांनी उभारले. घरातल्या कर्जखतांपैकी अर्धी धाकट्या कान्होबांना दिली आणि स्वतःच्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. ज्यांच्याकडून येणं होतं, ती माणसंही त्याच दुष्काळाने पिचलेली होती ना!

पुढे ते म्हणाले की, दुष्काळाने पीडा झाली ते बरेच झाले, त्यामुळे देवाचे चिंतन घडले. वाचकहो, हे बोलणे जपून वापरावे. ते त्यांनी आपल्या घरच्या दुःखाविषयी काढले आहे. शेजाऱ्याच्या दारी मढे असता त्याला हे ऐकवू नये. रखमाई कोणत्या पापाने गेल्या, असा हिशेब तुकोबांनी मांडला नाही. आपणही कोणाचा मांडू नये.

असो. पाऊस का रुसतो, याचे उत्तर आमच्याजवळ नाही. 1972 च्या दुष्काळात आपल्या नगर जिल्ह्यानेही हाच प्रश्न सोसला. त्या वेळी माणसे जगली ती कामावर मिळालेल्या मजुरीवर आणि दुसऱ्याने पुढे केलेल्या भाकरीवर. तेव्हा संकटात देवाशी खुशाल भांडावे; पण अडलेल्याकडे आपलं येणं असेल, तर इंद्रायणीची आठवण ठेवावी.