कडू कवठाचे तेल आणि डॉ. भाऊ दाजी लाड

मुंबईतील राणीच्या बागेतल्या वस्तुसंग्रहालयाला १९७५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. प्राच्यविद्येचे संशोधक आणि समाजसुधारक म्हणून त्यांचा लौकिक आजही कायम आहे. एका रानझाडाच्या बियांतून कुष्ठरोगावर औषध शोधण्याची त्यांची धडपड मात्र काळाच्या ओघात मागे पडली.

भाऊंचा जन्म १८२२ साली गोव्यातील पेडणे तालुक्यातल्या मांद्रे गावी झाला. रामकृष्ण विठ्ठल हे त्यांचे मूळ नाव. लहानपणीच ते मुंबईस आले. १८४५ साली सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीत त्यांनी प्रवेश घेतला आणि १८५१ मध्ये पदवी मिळवली. बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह त्यांनी गोरगरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला. शिक्षण पाश्चात्त्य वैद्यकाचे असले, तरी संस्कृत ग्रंथांतील वनस्पती त्यांनी जुनाट म्हणून बाजूला सारल्या नाहीत.

अशीच एक वनस्पती म्हणजे खष्ट, अर्थात कडू कवठ. कोकणापासून केरळपर्यंत सह्याद्रीच्या ओढ्याकाठी हे झाड वाढते. पश्चिम समुद्रालगतच्या प्रदेशात होणारा तुवरक कुष्ठावर गुणकारी असल्याचे सुश्रुतसंहितेत नमूद आहे. हा तुवरक म्हणजेच कडू कवठ, असे मानले जाते. त्याच्या टणक फळातील बियांचे तेल पोटातून देता येते आणि त्वचेवरही लावता येते. मात्र पोटात घेतल्यास मळमळ होते. याच कुळातील पूर्व भारतातल्या चौलमुग्रा तेलाची माहिती १८५४ साली कलकत्त्यात डॉ. मुआट यांनी प्रसिद्ध केली होती.

भाऊंनी खष्टाच्या बियांपासून केलेले औषध कुष्ठरुग्णांना देण्यास सुरुवात केली. गुण येत असल्याचे दिसू लागले. पण पुरती खात्री पटेपर्यंत औषधाचा तपशील त्यांनी जाहीर केला नाही. निष्कर्ष प्रसिद्ध होण्यापूर्वीच अर्धांगवायूने त्यांना गाठले आणि ३१ मे १८७४ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच्या आदल्याच वर्षी नॉर्वेतील डॉ. हान्सेन यांना कुष्ठरोगाचा जंतू सापडला होता.

पुढचे काम सातासमुद्रापलीकडे झाले. १९०४ साली लंडनमध्ये फ्रेडरिक पॉवर यांनी या तेलांतील वैशिष्ट्यपूर्ण मेदाम्ले वेगळी केली. तेल घट्ट असल्याने टोचून देणे अवघड जाई. हवाईतील तरुण रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅलिस बॉल यांनी १९१५ च्या सुमारास या मेदाम्लांपासून एस्टर तयार करून ती अडचण दूर केली. त्याही आपले संशोधन प्रसिद्ध होण्यापूर्वीच १९१६ मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी निवर्तल्या. मात्र त्यांची पद्धत प्रयोगशाळेत टिकली. ती त्यांच्या वरिष्ठांनी स्वतःच्या नावावर मांडली, आणि बॉल यांना श्रेय मिळण्यास अनेक दशके लागली.

वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठसेवेचे काम उभारले, तेव्हा या तेलाची इंजेक्शने हाच कुष्ठरोगावरील जगभरचा प्रमुख उपचार होता. १९४० च्या दशकात सल्फोन औषधे आली आणि तेल मागे पडले. १९८१ नंतर बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होऊ लागला.

भाऊ दाजींची वाट योग्य होती, हे पुढच्या पिढ्यांच्या कामावरून स्पष्ट होते. अपुऱ्या पुराव्यावर दावा न करण्याचा त्यांचा संयमही वैद्याला शोभणारा होता. परंतु त्या संयमाची किंमत मोठी ठरली. सुश्रुताचा तुवरक लिहून ठेवलेला होता, म्हणून तो शतकांनंतरही शोधता आला. भाऊंचा अनुभव मात्र इतर वैद्यांना तपासून पाहण्याची आणि पुढे नेण्याची संधीच मिळाली नाही.