कवट्या मोजणाऱ्या इरावतीबाई

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मावसबहिणीने जाहीर केलं की ती नागपूरला मानववंशशास्त्र घेणार. मामांचा प्रश्न एकच, याला नोकरी कुठे लागते? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण घरातली होऊ घातलेली इंजिनिअर मी. मला काय डोंबल माहीत! कॉन्व्हेंटवाली असल्याने इरावती कर्वे हे नावसुद्धा मी इथे फुलचूरला हॉस्टेलवर आल्यावर रूममेटकडून ऐकलं, तेही 'युगान्त'मुळे. मग शोधून वाचलं.

जन्म 1905 चा, ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीवरून नाव ठेवलं. शाळा पुण्याची हुजूरपागा, नंतर फर्ग्युसन, मग मुंबईला डॉ. घुर्ये यांच्याकडे एम.ए. महर्षी कर्वे त्यांचे सासरे. बायकांच्या शिक्षणासाठी जन्म घालवलेला माणूस, पण सून जर्मनीला निघाली तेव्हा त्यांना ते पटलं नाही. नवरा दिनकरराव मात्र पाठीशी उभे राहिले.

बर्लिनचा किस्सा मला सगळ्यात आवडला. त्यांचे गाइड ऑयगेन फिशर. गोऱ्या लोकांची कवटी वेगळी, म्हणून बुद्धी वरचढ, असं त्यांना सिद्ध करून हवं होतं. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा काही संबंध दिसत नाही असं सरळ लिहून दिलं. परक्या देशात, डिग्री त्याच माणसाच्या हातात असताना! आपण इथे सबमिशनच्या आदल्या रात्री रीडिंग जुळवत बसतो. हेच फिशर पुढे नाझींच्या वंशवादाचे मोठे आधार झाले.

परत आल्यावर कॉलेजची खुर्ची तयार नव्हती. काही वर्षं त्यांनी महिला विद्यापीठात रजिस्ट्रारची नोकरी केली, म्हणजे फायली आणि कारभार. डेक्कन कॉलेजात त्या 1939 ला आल्या. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बाई त्याच, असं सांगतात.

पण मामांना उत्तर मिळालं ते कोयनेत. आम्हाला कोयना म्हणजे 1960 मेगावॅट आणि 11 डिसेंबर 1967 चा भूकंप. पाण्याखाली गावं गेली, ती माणसं कुठे गेली हे कुठल्याच युनिटमध्ये नाही. इरावतीबाई आणि त्यांची मुलगी जाई निंबकर यांनी त्याच धरणग्रस्तांची पाहणी केली, ती 1969 ला छापून आली. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात 1976 चा, म्हणजे हे त्याच्या आधीचं. नातेसंबंधांवर 1953 ला जाडजूड पुस्तक लिहिलेल्या बाईंना कळत होतं की गाव उठलं की भावकी, सोयरीक, शेतीतला पडजी-वारंगुळा सगळंच उठतं. ते मोबदल्याच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहायचं?

दुसऱ्या वर्षी, ऑगस्ट 1970 मध्ये त्या गेल्या.

आपल्या वैनगंगेवर गोसीखुर्द आहे, तिथेही गावं उठली. 2013 च्या भूसंपादन कायद्यात जमीन घेण्याआधी सामाजिक परिणामांची पाहणी सांगितली आहे, आणि ती करायला अशीच शिकलेली माणसं लागतात. भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षणाचं एक केंद्र तर नागपुरातच आहे. हे सगळं मी मामांना फोनवर सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि मग पगार विचारला. तेवढं काही मला सांगता आलं नाही. फॉर्म जूनमध्ये भरायचा आहे.