आरे-वारेचा काळा कातळ आणि वेड्यात काढलेला वेगेनर

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला किनाऱ्याने जाताना आरे-वारे लागतं. वर तांबडा जांभा, खाली काळा कातळ. हा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. तो थिजला तेव्हा आपली ही जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती!

जमीन अशी सरकते, हे पुराव्यांसकट मांडणारा माणूस म्हणजे आल्फ्रेड वेगेनर.

जन्म १८८० चा, बर्लिनचा. डॉक्टरेट खगोलशास्त्रात, काम मात्र हवामानशास्त्रात. १९०६ साली भाऊ कुर्टसोबत सलग ५२ तास बलूनमध्ये राहून त्याने विक्रम केला.

आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचे किनारे एकमेकांत बसतात, हे आधीही काहींच्या लक्षात आलं होतं. वेगेनर तिथेच थांबला नाही. ग्लोसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीचे जीवाश्म आपल्या नागपूरजवळ कामठीच्या खडकांत सापडतात, तसेच आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियातही. मध्ये एवढा समुद्र असताना हे कसं? वेगेनरचं उत्तर होतं, पूर्वी हे सगळे भूखंड जोडलेले होते. जानेवारी १९१२ मध्ये त्याने हा विचार फ्रँकफुर्टला मांडला. पहिल्या महायुद्धात तो जखमी झाला, आणि १९१५ मध्ये त्याचं पुस्तक आलं.

भूशास्त्रज्ञ तुटून पडले. हवामानवाल्याने आम्हाला शिकवू नये, असा सूर होता. पण एक आक्षेप खरा होता: एवढे भूखंड ढकलणारा जोर कुठला? वेगेनरने सुचवलेले जोर फारच दुबळे होते.

१९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात आतल्या तळावर तो रसद पोचवायला निघाला. १ नोव्हेंबरला, पन्नासाव्या वाढदिवशी, तो रास्मुस व्हिलुमसेन या साथीदारासोबत परत फिरला. दोघेही पोचले नाहीत. वेगेनरचा मृतदेह पुढच्या मे महिन्यात सापडला, व्हिलुमसेनचा कधीच नाही.

लाव्हा थिजताना त्यातले लोहयुक्त कण पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरून ठेवतात. त्यावरून तो कुठल्या अक्षांशावर थिजला ते कळतं. १९५० च्या दशकात लंडनच्या शास्त्रज्ञांनी दख्खनच्या काळ्या खडकाचे नमुने असे तपासले. उत्तर निघालं: भारत दक्षिणेकडून आलाय. १९६० च्या दशकात समुद्रतळ पसरतो हेही समजलं आणि भूपट्ट सिद्धांत उभा राहिला.

भारताचा भूपट्ट आजही वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतोय. आरे-वारेही त्याच्यासोबत चाललंय. हे सिद्ध झालेलं बघायला वेगेनर मात्र नव्हता.